स्वतःची गाडी घरी ठेवून सोलापूर: एसटी, रेल्वे आणि सायकलवर चार दिवस

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर एका फेरीत करायचं ठरलं की पहिला फोन जीपवाल्याला जातो. का, तर एसटीचा भरवसा नाही. खरं म्हणजे या तिन्ही गावांना जायला गाड्या आहेत. अडतं ते एका गाडीतून उतरून दुसरीत बसायच्या जागी. रेल्वे स्टेशन एका टोकाला, एसटी स्टँड दुसऱ्या टोकाला, गावाचा थांबा हायवेच्या पलीकडच्या अंगाला, आणि रेल्वे पोचते तेव्हा सिटी बस बंद झालेली. हे सांधे आधी बघून ठेवले तर चार दिवसांत जिल्ह्याचा बराच भाग आरामात होतो. खालचा क्रम सांधे बघूनच लावला आहे, प्रेक्षणीय स्थळांच्या मानाने नाही.

काळ ऑगस्ट ते फेब्रुवारी धरला आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा दुपारी बारा ते चार उघड्या थांब्यावर उभं राहावं लागेल असा कोणताही बेत करू नये.

येताना

मुंबईहून वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते. साधारण साडेसहा तासांत आणून सोडते, पण रात्री साडेदहाच्या पुढे. त्या वेळी मिळते ती स्पेशल रिक्षा, आणि भाडं तो सांगेल ते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री मुंबई सोडते आणि सकाळी लवकर सोलापुरात असते. प्रवास लांबतो, पण लॉजचा एक मुक्काम वाचतो आणि शहर जागं असताना आपण हजर होतो. पुण्याहून येणाऱ्यांनी हुतात्मा एक्स्प्रेसपेक्षा सकाळची इंटरसिटी बघावी. हुतात्मा रात्री पोचते. सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने आलेली मंडळी शेवटच्या दोन किलोमीटरला अर्धा तास घालवतात, हे फक्त सोलापुरात होत नाही, पण सोलापुरात चांगलंच जाणवतं.

दिवस पहिला: शहर, पायी

स्टेशनपासून भुईकोट किल्ला दीड-दोन किलोमीटर. किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आणि देऊळ. जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी झाली. पुण्याच्या गाडीचं नाव त्यांच्यावरूनच आहे. नवी पेठ, किल्ला, देऊळ, इंद्रभुवनची महापालिका इमारत हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या दिवसाला वाहन लागतच नाही.

चालणं सोपं आहे असं मात्र नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पदपथांच्या मानकात (आयआरसी १०३, २०१२) मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर आणि काठाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. पेठांतून जाताना यातली रुंदी मोजून बघा. कागदावर दोन मीटरचा पदपथ असतो. त्यात विजेचा डीपी अर्धा मीटर घेतो, दुकानाची पायरी अर्धा मीटर, राहिलेल्या जागेत दुचाकी तिरकी लावलेली. माणूस रस्त्यावर उतरतो, मग रिक्षावाला त्याच्यावर हॉर्न वाजवतो. पदपथ रुंद करण्यापेक्षा आहे तो मोकळा ठेवणं स्वस्त पडतं, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

संक्रांतीच्या आसपास आलात तर वेगळंच शहर दिसतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, मधल्या शहरातले रस्ते वाहनांना बंद होतात आणि लाखभर माणसं पायी फिरतात. गोंधळ असतो, पण वाट तुंबत नाही. साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून तासाभरात मोटारीने दोनेक हजार माणसं जातात, पायी गेली तर त्याच पट्ट्यातून एकोणीस हजारांच्या आसपास. वाहतूक नियोजनाच्या पुस्तकांत हा आकडा नेहमी असतो. इथे तो रस्त्यावर बघायला मिळतो.

विजापूर रोड, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला जायचं तर शहर बस किंवा शेअर रिक्षा. शहर बसवर पूर्ण भिस्त ठेवू नये, फेऱ्या मोजक्या आहेत. एक साधा हिशेब लक्षात ठेवा: वेळापत्रक माहीत नसेल तर सरासरी थांबणं हे दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मं असतं. दहा मिनिटांनी बस असेल तर पाच मिनिटं, तासाने असेल तर अर्धा तास. म्हणून बस नवी आहे की जुनी, एसी आहे की नाही, यापेक्षा ती किती वेळाने येते यावर माणूस बसने जायचं की दुचाकी काढायची ते ठरवतो. शहरांना इलेक्ट्रिक बस देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेच्या यादीत सोलापूरचं नाव आहे. त्या गाड्या आल्यावरही विचारायचा प्रश्न तोच: दर किती मिनिटांनी? शिवाय मे महिन्यात एसी सतत चालणार, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कागदावर लिहिलेलं अंतर पडणार नाही. दुपारी डेपोत चार्जिंगला उभ्या राहणाऱ्या गाड्या धरूनच फेऱ्या आखाव्या लागतील.

शेअर रिक्षात बसण्याआधी "सीट की स्पेशल?" एवढं विचारावं. न विचारता एकट्याने बसलात तर ती स्पेशल झाली.

संध्याकाळी एक काम उरकून ठेवा: एसटी स्टँडवर चक्कर. स्टेशनपासून सुमारे दोन किलोमीटर, चालत पंचवीस-तीस मिनिटं. चौकशीच्या खिडकीवर उद्याच्या पहिल्या दोन गाड्या आणि परतीच्या शेवटच्या दोन गाड्या विचारून वहीत लिहून घ्या. मोबाईलवरचं वेळापत्रक आणि फलाटावरची गाडी यांचं दर वेळी जुळतंच असं नाही. खिडकीवरचा माणूस आज कोणती फेरी रद्द आहे तेही सांगतो.

दिवस दुसरा: अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर

हा वळसा साधारण १६० किलोमीटरचा. सोलापूर ते अक्कलकोट ४० च्या आत-बाहेर, अक्कलकोट ते नळदुर्ग जवळपास तेवढंच, नळदुर्ग ते तुळजापूर ३०-३५, तुळजापूर ते सोलापूर ४५. दिशा हीच ठेवायची, उलटी नाही. तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर धाराशिव, बीड, लातूरकडून येणाऱ्या गाड्याही असतात, म्हणून तिथे गाडी चुकली तरी दुसरी लवकर येते. अक्कलकोट-नळदुर्ग हा सगळ्यात कच्चा दुवा. कच्चा दुवा सकाळी संपवायचा आणि पक्का दुवा संध्याकाळसाठी ठेवायचा. बहुतेक लोक उलटं करतात आणि अंधार पडल्यावर नळदुर्गच्या स्टँडवर वडाप (शेअर जीप) शोधत बसतात.

अक्कलकोटला रेल्वेने का नाही? अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. रेल्वेचं तिकीट स्वस्त, पण पुढे रिक्षा किंवा जीपची वाट बघणं आलं. एसटी थेट गावातल्या स्टँडवर सोडते आणि तिथून वटवृक्ष मंदिर चालत गाठता येतं. घरापासून देवळापर्यंतचा वेळ मोजला की एसटी जिंकते. दौंड-सोलापूर-वाडी हा मोठा मार्ग दीडशे वर्षांपूर्वी आखला तेव्हा तो अक्कलकोटला बाजूला ठेवून गेला. त्या आखणीचा भुर्दंड आजही रिक्षाभाड्यात भरावा लागतो.

साडेसहाच्या सुमाराची साधी गाडी पकडा. गाडी आग्नेयेकडे जाते, म्हणजे सकाळचं ऊन डाव्या खिडकीत, उजवीकडे बसा. संध्याकाळी तुळजापूरहून दक्षिणेला येताना ऊन उजवीकडे येतं, तेव्हा डावीकडे, दाराच्या बाजूला. किरकोळ गोष्ट वाटते, पण ऑक्टोबरच्या उन्हात पाऊण तास खिडकीत भाजून निघालेला माणूस पुढच्या वेळी जीपच करतो.

पाटी वाचताना शेवटच्या गावापेक्षा "मार्गे" नंतरचं गाव बघायचं. अक्कलकोटहून निघणारी तुळजापूरची गाडी नळदुर्गमार्गे आहे ना, हे कंडक्टरला विचारून मगच चढा. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर लागतं, अर्धवट टप्पा पूर्ण धरतात. महिलांना सर्व गाड्यांत निम्मं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. ज्येष्ठांनी ओळखपत्र हाताशी ठेवावं, बॅगेच्या तळाशी नको. "आवडेल तेथे प्रवास" हा पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. या प्रवासात एसटीचे टप्पे साठच्या आत भरतात, पास वसूल होत नाही. तो नागपूर-कोकण करणाऱ्यांसाठी.

नळदुर्गचा किल्ला स्टँडपासून पायी जाण्यासारखा आहे. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात काढलेला पाणीमहाल हे इथलं मुख्य आकर्षण. नर-मादी धबधबे मात्र पाऊस चांगला होऊन बांधावरून पाणी पडत असेल तरच. दोन-अडीच तास पुरतात.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी, अक्कलकोटला गुरुवार. रांग लांबली की परतीचं गणित कोलमडतं. तुळजापूरला अजून रेल्वे नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर होऊन काम सुरू आहे. तो झाला की तुळजापूरचं स्टेशन देवळापासून किती लांब आणि तिथून गावात बस आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. नाहीतर अक्कलकोटची पुनरावृत्ती.

आणि कोजागिरीला या रस्त्यावर गाडी नकोच. सोलापूर आणि आसपासची माणसं रात्रभर चालत तुळजापूर गाठतात, रस्ता वाहनांना बंद असतो, जागोजागी पाणी, चहा, फराळ. ४५ किलोमीटर चालायचं तर नवे बूट घालू नयेत, पायमोजे दोन जोड न्यावेत आणि परतीची एसटी त्या दिवशी कुठून सुटणार ते आदल्या दिवशी विचारून ठेवावं. वाहतूक बदलाने स्टँडची जागाही बदलू शकते.

प्रदूषणाचा हिशेबही इथेच मांडून टाकू, कारण त्यात बरीच थापेबाजी चालते. साधी डिझेल एसटी लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास जाते. लिटरभर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमीटरला सुमारे ६०० ग्रॅम. चाळीस माणसं असतील तर माणशी १५ ग्रॅम, वीस असतील तर ३०. लिटरला १५ देणारी पेट्रोल मोटार एकट्याने नेली तर १५४ ग्रॅम, चौघे बसले तर माणशी ३८. आणि लिटरला ५० देणाऱ्या मोटारसायकलवर दोघे असतील तर माणशी २३, म्हणजे अर्ध्या रिकाम्या एसटीपेक्षा कमी! हे लपवायचं कारण नाही. पण एसटी आपण चढलो नाही तरी जाणारच असते; तिच्या रिकाम्या सीटवर बसल्याने धुरात जवळजवळ काहीच भर पडत नाही. मोटारसायकल मात्र आपण काढली म्हणूनच निघते. जिल्ह्यातल्या बसचं खरं दुखणं रिकाम्या सीट हे आहे: प्रवासी घटले की फेरी कमी होते, फेरी कमी झाली की थांबणं वाढतं, थांबणं वाढलं की उरलेले प्रवासीही दुचाकी घेतात.

दिवस तिसरा: पंढरपूर आणि भीमेकाठ

पंढरपूर मोहोळमार्गे एसटीने ७०-७५ किलोमीटर. रेल्वेने जायचं तर आधी कुर्डुवाडी, तिथे गाडी बदलून पंढरपूर: सगळं मिळून १३० च्या आसपास. कुर्डुवाडीला दोन गाड्यांच्या वेळा जुळल्या तर ठीक, नाही जुळल्या तर फलाटावर दोन तास. सोलापूरकरांनी एसटी घ्यावी. मुंबई-पुण्याहून थेट येणाऱ्याने कुर्डुवाडीत उतरून पंढरपूर गाठणं मात्र सोयीचं.

कुर्डुवाडीचं नाव निघालंच आहे तर: मोठी रेल्वे बार्शीला टाळून गेली, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. मोठ्या मार्गाला जोडणारी, कमी खर्चाची, गावात नेणारी वाहतूक म्हणजे काय, याचं इतकं चोख उदाहरण जिल्ह्यात दुसरं नाही. आता तो सगळा मार्ग मोठ्या रुळांचा झाला आहे.

आषाढीचा बेत असेल तर नेहमीचं स्टँड विसरा. एसटी यात्रेसाठी चंद्रभागा, भीमा, विठ्ठल आणि पांडुरंग अशी चार तात्पुरती बसस्थानकं उभारते आणि राज्याच्या विभागांप्रमाणे गाड्या वाटून देते. आपल्या विभागाची गाडी कोणत्या स्थानकावरून, हे उतरतानाच पाहून घ्यायचं; परतीच्या गर्दीत चुकीच्या टोकाला गेलात तर गाव पार करून उलट यावं लागतं. एकाच गावातले चाळीस किंवा त्याहून जास्त प्रवासी असतील तर थेट गावातून गाडी मिळते. त्यासाठी जवळच्या आगारात आधी मागणी नोंदवायची. मागणी एकत्र करून गाडी सोडणं ही नियोजनातली जुनी युक्ती, वारीत ती दर वर्षी चालते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला का चालू नये?

परतीला मंगळवेढा मार्ग घ्या. पंढरपूर-मंगळवेढा २५ किलोमीटर, पुढे सोलापूर ५५. दामाजीपंतांचं, चोखोबांचं गाव. ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. सोलापूरच्या वाटेवर माचणूर लागतं: भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाच्या ब्रह्मपुरीच्या छावणीच्या काळचा किल्ला. मधे उतरायचं असल्याने साधीच गाडी. जलद गाडी थांबत नाही, आणि तिकीट काढल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

इथे चौपदरी रस्त्यांचा एक दोष कळतो. रस्ता रुंद करताना बसथांब्याची शेड सर्व्हिस रोडला जाते, गाडी मात्र मधल्या मुख्य रस्त्याने किंवा पुलावरून निघून जाते. शेडमध्ये सावलीत बसलेल्याला गाडी दिसते, गाडीला तो दिसत नाही. म्हणून उतरतानाच कंडक्टरला विचारा: "सोलापूरला जाताना गाडी कुठं थांबते, पुलाच्या अलीकडं का पलीकडं?" पलीकडे जायला दुभाजक ओलांडू नका, पुलाखालची वाट शोधा, चार-पाचशे पावलं जास्त पडतील. संध्याकाळी पाचला रस्त्यावर उभं असावं. साध्या गाड्या हात दाखवला की थांबतात, पण दिवे लागल्यावर चालकाला हात दिसत नाही आणि गाडी भरलेली असेल तर तो बघतही नाही. शेवटची गाडी आपली समजू नये, तिच्या आधीची आपली.

हत्तरसंग कुडल या यादीत मुद्दाम नाही. भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख, बघायलाच हवं असं ठिकाण. पण गाड्या गावकऱ्यांच्या सोयीच्या. मुक्कामी एसटी संध्याकाळी गावात जाते, सकाळी शहराकडे निघते. पाहुण्याला नेमकं उलट हवं असतं. आठ जण जमवा आणि जीप करा. भरलेल्या जीपचा माणशी धूर अर्ध्या भरलेल्या एसटीएवढाच पडतो, त्यामुळे मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

दिवस चौथा: नान्नज, सायकलने

बार्शी रस्त्याने नान्नज वीस-बावीस किलोमीटर. १९७९ मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य इथलं. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नये. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. काळवीट दिसतात, लांडगा नशिबाने. गवताळ माळावर गाडीचा आवाज लांबूनच पोचतो, सायकलचा पोचत नाही, म्हणून हे ठिकाण सायकलसाठीच. वन खात्याच्या नाक्यावर परवानगी घ्या, वाट सोडून गवतात शिरू नका.

सकाळी सहाला निघायचं, साध्या सायकलवर ताशी बारा-चौदा धरला तर पावणेआठपर्यंत पोच. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना डाव्या अंगाने येतो, ट्रक पास झाला की सायकल एकदम हलते. हँडल घट्ट नको, पकड सैल आणि रस्त्याच्या काठापासून हातभर आत. माणशी तीन लिटर पाणी. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी: चार दिवस टिकते, प्लास्टिक लागत नाही, उन्हाने बिघडत नाही. बॅटरीची सायकल असेल तर २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या वर न जाणारी. तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

नेमका घोटाळा होतो तो वेड्या बाभळीच्या काट्याने. रस्त्याकडेला तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात. काटा घुसतो, हवा लगेच जात नाही, परतीच्या वाटेवर चाक बसतं. ट्यूब बाहेर काढल्यावर आधी टायर बघायचा: जाड फडकं आतून फिरवा, बोट नको. ते जिथे अडकेल तिथे काटा. तो पक्कडीने काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर किलोमीटरभरात दुसरं पंक्चर. मग भोकाभोवती पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा घासायची, सोल्यूशन पातळ लावायचं आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ दाबायचं. घाईत ओल्यावरच चिकटवलेलं ठिगळ उन्हात तापून सुटतं. हवा ४५ ते ५० पीएसआय. कमी ठेवली तर टायर काटे जास्त खातो, खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते.

अकराच्या आत शहरात परत. सायकल नसेल तर बार्शीकडे जाणारी साधी एसटी नान्नजला थांबते. मात्र फाट्यापासून माळापर्यंत चालणं धरा.

सायकल रेल्वेने आणली असेल तर परतीचं पार्सल ऑफिस दुपारीच गाठा. दोन्ही चाकांची हवा थोडी कमी करा, पेडल आत वळवा, नाव, मोबाईल नंबर आणि उतरायचं स्टेशन लिहिलेलं लेबल दोन ठिकाणी बांधा, पावती जपून ठेवा. लगेज व्हॅन असलेलीच गाडी निवडायची. वंदे भारतला ती नाही. सिद्धेश्वर सोलापुरातूनच सुटते, त्यामुळे सायकल चढवायला वेळ मिळतो. मधल्या स्टेशनवर दोन मिनिटांच्या थांब्यात ती फलाटावरच राहू शकते. घडीची सायकल असेल तर कव्हरमध्ये घालून बर्थखाली, पार्सलची भानगडच नको.